पुठ्ठ्याचा पियानो

दीपिका गमरेच्या नाकावर राग असतो, असं शाळेत सगळेच म्हणतात. ते काही खरं नाही. दीपिकाचा राग बोटांत असतो. ती चिडली की टेबलावर, बसच्या दांडीवर, नाहीतर स्वतःच्याच मांडीवर तिची दहाही बोटं चालू लागतात, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तेवढ्यात बाजूला सरकतात.

परळच्या एका जुन्या संस्थेच्या शाळेत ती सहावी ते आठवीला संगीत शिकवते. वेळापत्रकात मात्र 'संगीत' असं कुठे लिहिलेलं नाही, 'कला' असं लिहिलंय. म्हणजे गणिताच्या सरांचा धडा राहिला असेल तर त्या तासाला गणित, स्कॉलरशिपवाल्यांना वर्ग हवा असेल तर स्कॉलरशिप, आणि कोणालाच काही नको असेल तर संगीत. दीपिका त्या उरल्यासुरल्या तासांवर पोटच्या पोरासारखा जीव लावते आणि तो तास कोणी मागायला आलं की दारातच आडवी उभी राहते. शिक्षक-खोलीत तिच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते ती त्यामुळेच.

तिचे वडील बाबुराव गिरगावात फणसवाडीजवळच्या एका इमारतीत लिफ्टमन होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलं, तसं हे. तिसऱ्या मजल्यावर मिस ओलिंडा नावाची एक गोवेकर बाई पियानो शिकवायची. लिफ्टमध्ये कोणी नसलं की बाबुराव ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच थांबवून उभे राहायचे. खालून लोक बटणं दाबून दाबून शिव्या घालायचे. एकदा मिस ओलिंडाने जाळीतून वाकून विचारलं, "बाबुराव, लिफ्ट बिघडली काय?" हे म्हणाले, "नाय बाई, ऐकत होतो." दुसऱ्या आठवड्यात नऊ वर्षांची दीपिका तेलानं चापून बसवलेल्या वेण्यांसकट त्या पियानोपुढे बसली होती.

मिस ओलिंडाने तिला आधी वाचायला शिकवलं. बोट पट्टीला लावू देण्याआधी कागदावरच्या पाच रेषा, त्यांतल्या जागा, कोणता सूर कुठे बसतो, किती वेळ थांबतो. चुकलं की लाकडी रूळ बोटांवर. "कानाने शिकशील तर कोणीतरी वाजवलेलंच वाजवशील," ती म्हणायची, "डोळ्यांनी वाचायला शिकलीस तर मेलेल्या माणसाने लिहून ठेवलेलंही वाजवशील." दीपिकाला तेव्हा भीती वाटली होती. आता ती तेच वाक्य सातवीला सांगते, आणि पोरं पण घाबरतात.

तर अशा या बाईच्या शाळेत मागच्या जूनमध्ये खराखुरा पियानो आला.

दादरच्या पारशी कॉलनीतल्या पेरिनबाई वारल्या आणि जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवलं होतं की घरातला पियानो जवळच्या शाळेतल्या मुलांना द्यावा. सहा माणसांनी तो दोरांवर तोलत हॉलमध्ये आणला. दीपिका त्या दिवशी जेवली नाही. डबा तसाच घरी परत गेला. तिच्या नवऱ्याला, राजरत्नला, वाटलं भांडण झालं असणार. ती म्हणाली, "अरे, पियानो आलाय." पुढे तिला काही बोलताच येईना.

बोलायला काही दिवसांनी आलं, आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही.

कारण संस्थेचे अध्यक्ष जयवंतराव यांनी तो पियानो हॉलच्या कोपऱ्यात ठेवून त्याच्यावर लाल मखमली चादर घातली, चादरीवर प्लॅस्टिकच्या फुलांचा फ्लॉवरपॉट ठेवला, आणि झाकणाला कुलूप लावलं. देणगीबरोबर आलेली पितळी चावी स्वतःच्या कोटाच्या खिशात. मुख्याध्यापिका सीमा परुळेकर, म्हणजे मुलांच्या भाषेत मोठ्या बाई, यांनी नोटीस काढली : 'विद्यार्थ्यांनी वाद्यास हात लावू नये.' दीपिका नोटीस वाचून थेट त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"मोठ्या बाई, तो मुलांसाठी दिलाय."

"मुलांसाठीच आहे, दीपिका. मुलं बघतात की येता-जाता."

"बघायला पियानो लागत नाही. फोटो लावा."

"हे बघ, आपली पोरं कशी आहेत तुला माहितीये. एका आठवड्यात पट्ट्या उखडून काढतील. आणि तुला काय, तुमच्यात पेटी-ढोलकी घरोघरी असते. तुला वाजवायचं अंग आहेच. तू कशावरही शिकवशील."

दीपिकाची बोटं टेबलाच्या काचेवर चालू लागली. 'तुमच्यात' हा शब्द तिने आयुष्यभर ऐकलाय. कधी कौतुकाच्या पिशवीत घालून, कधी तसाच. तिला मिस ओलिंडाच्या रुळाने सुजलेली बोटं आठवली, सात वर्षं नायगाव ते गिरगाव केलेली पायपीट आठवली, आणि हे सगळं एका शब्दात पुसून टाकणारी ही समोरची बाई दिसली. ती उठली. म्हणाली, "शिकवते. कशावरही शिकवते."

दादरच्या साड्यांच्या दुकानांतून साडीची रिकामी खोकी मागून आणली. त्यांचे पुठ्ठे कापले, त्यावर पांढरा कागद चिकटवला, स्केचपेनने पट्ट्या आखल्या, काळ्या पट्ट्या घोटीव कागदाच्या कापून बसवल्या. प्रत्येक बाकावर एक पुठ्ठा. फळ्यावर पाच रेषा. मुलांना समजावं म्हणून तिने त्या रेषांची चाळ केली. प्रत्येक रेषा म्हणजे एक मजला, दोन रेषांमधली जागा म्हणजे मधली खोली, आणि कोण कुठे राहतं ते पाठ करायचं. अगदी खाली रेषांच्या बाहेर आपली एकट्याची छोटीशी रेघ घेऊन बसणारा, पियानोच्या मधोमध वाजणारा सूर म्हणजे जिन्याखालचा भाडेकरू. पोरांना तो सगळ्यात आधी पाठ झाला. जुनी चाळ पाडल्यावर ट्रान्झिट कॅम्पात राहायला आलेल्या पोरांना कोण कुठे राहतं हा विषय चांगला कळतो.

वर्ग पाहायला विचित्र दिसायचा. अख्खी सातवी ब मान खाली घालून पुठ्ठ्यावर बोटं चालवतेय, तोंडाने हळू आवाजात मात्रा मोजतेय, आणि सूर एकही नाही. बाजूच्या वर्गातले सर दारात येऊन हसून जायचे. दीपिका फळ्यावर नवी ओळ लिहायची आणि विचारायची, "काय ऐकू आलं?" पोरं डोळे मिटून ती ओळ मनात वाजवायची आणि गाऊन दाखवायची. आधी चुकायची. दिवाळीपर्यंत चुका कमी झाल्या. सलोनी मोहिते नावाची एक काटकुळी पोरगी होती, केसांना कायम लाल रबर. ती तर न ऐकलेली ओळ नुसती बघून गाऊ लागली. दीपिकाने तिच्यासमोर कौतुक केलं नाही. घरी येऊन मात्र राजरत्नला तीच गोष्ट तीनदा सांगितली.

दिवाळीच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी शाळेत हत्यारांची, वाद्यांची पूजा होते. प्रयोगशाळेतली कात्री, शिपायाची शिडी, ऑफिसातला कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. यंदा पियानोही. जयवंतरावांनी स्वतः कुलूप काढलं, झाकण उघडलं, आणि मोठ्या बाईंनी ताम्हनातल्या ओल्या कुंकवाच्या अक्षता मूठ भरून थेट पट्ट्यांवर टाकल्या. नमस्कार केला. झाकण बंद.

दीपिका हॉलच्या दारात उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पूजेचं काही नव्हतं. ज्याला करायची त्याने करावी. पण ओला तांदूळ दोन पट्ट्यांच्या फटीत गेला तर पट्टी वर येत नाही, हे तिला कळत होतं, आणि ते कळणारी त्या हॉलमध्ये ती एकटीच होती.

"अहो, आत तांदूळ गेले. काढू द्या मला."

"प्रसादाच्या अक्षता आहेत, राहू देत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्यात नसतं हे, मला माहितीये. पण वाद्य म्हणजे सरस्वती असते गं."

"मग सरस्वतीला कुलूप कोण लावतं?"

हॉलमधले सगळे एकदम आपापल्या चपला शोधू लागले. जयवंतराव हसले. त्यांना चारचौघांत राग दाखवायचा नसतो. म्हणाले, "काढा काढा, पाच मिनिटं देतो." दीपिकाने केसातली पिन काढून एकेक दाणा उकरून बाहेर काढला. काढता काढता जिन्याखालच्या भाडेकरूला एकदा दाबलं. इतक्या वर्षांचा, इतक्या दमट हवेतला पियानो, तरी सूर भरून आला. पाच मिनिटं झाली आणि जयवंतरावांनी चावी फिरवली.

त्या संध्याकाळी घरी भांड्यांचा असा काही आवाज होऊ लागला की राजरत्न स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "दीपे, भांड्यांनी काय केलंय? एवढा जोर आहे तर त्या पियानोवर जाऊन काढ."

"हात लावू देत नाहीत तेच तर सांगतेय ना मगासपासून."

जानेवारीत संस्थेचा वर्धापनदिन. प्रमुख पाहुण्या म्हणून पेरिनबाईंची भाची येणार होती, परदेशातून. मावशीच्या पियानोचं काय चाललंय ते बघायची तिची इच्छा. आता मात्र धावपळ सुरू झाली. मोठ्या बाईंनी दीपिकाला बोलावलं. चहाही मागवला.

"एखादा मुलगा वाजवेल असं काहीतरी बसव. यशोधन कसा आहे? तो दादरला क्लासला जातो म्हणे."

"यशोधन कीबोर्डवर लाइट लागते त्या पट्ट्या दाबतो. सलोनी वाजवेल. वाचून वाजवेल."

"नीट होईल?"

"नीट झालं तर काय देणार?"

मोठ्या बाईंना असं कोणी विचारत नाही. पण पाहुणी चार दिवसांवर होती. शेवटी ठरलं. पाहुण्यांसमोर नीट झालं तर आठवड्याला दोन तास सातवीला पियानो उघडायचा. नाही झालं तर दीपिकाने हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"तालमीला उघडाल ना?"

"जयवंतराव बाहेरगावी आहेत. चावी त्यांच्याकडे. त्या दिवशीच उघडू."

इथे खरं तर दीपिकाने थांबायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला थांबता येत नाही, आणि तिला तर दाखवून द्यायचं होतं. तिने स्वतः एक छोटी चाल लिहिली, दोन्ही हातांची, साधी. सलोनी मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, पुठ्ठ्यावर ती घटवत राहिली. बोट न् बोट बिनचूक. तोंडाने गाऊन दाखवली तीही बिनचूक. दीपिका तिचं मनगट बघत होती, अंगठा कुठून फिरतो ते बघत होती, डोळे कागदावरून ढळत नाहीत ना ते बघत होती. एकच गोष्ट तिने बघितली नाही.

वर्धापनदिनाला हॉल खचाखच. पुढे सोफे, मागे पालक, त्यांच्या मागे बाकांवर चढलेली पोरं. मखमल बाजूला झाली, फ्लॉवरपॉट खिडकीत गेला, जयवंतरावांनी टाळ्यांच्या गजरात कुलूप काढलं आणि चावी झाकणालाच ठेवली. सलोनी स्टुलावर बसली. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. तिने कागद लावला, हात उचलले आणि वाजवायला सुरुवात केली.

आवाज आला नाही.

बोटं चालत होती. बरोबर पट्ट्यांवर, बरोबर लयीत. पट्ट्या हळूहळू खाली जात होत्या, वर येत होत्या, आणि आतून नुसती लाकडाची टकटक. मध्येच एखादा सूर चुकून निसटल्यासारखा यायचा, की पुन्हा शांत. मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं, मग पुष्कळच हसले. जयवंतराव माइकमध्ये म्हणाले, "घाबरली हो मुलगी, टाळ्या वाजवा तिच्यासाठी." मोठ्या बाईंनी दीपिकाकडे पाहिलं. झालं ना तुझं समाधान, असं ते बघणं होतं.

सलोनी थांबली. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग मान वळवून गर्दीत दीपिकाला शोधलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाई, या खाली जातात, पण बोलत नाहीत."

तेव्हा दीपिकाला कळलं. पुठ्ठ्याला जोर लागत नाही. पुठ्ठ्यावर बोट टेकलं की सूर मनात वाजतोच. घरी मोबाइलच्या काचेवरही बोट टेकलं की वाजतो, पेटीची पट्टी अलगद दाबली तरी भाता चालू आहे तोवर वाजते. पियानोत मात्र आतला हातोडा उडून तारेवर आपटावा लागतो, आणि तो उडायला बोटाने पट्टीवर पडावं लागतं. तिने या पोरीला सगळं शिकवलं होतं, फक्त जोर शिकवला नव्हता. कुठे शिकवणार होती? पुठ्ठा फाटला असता.

तिला स्वतःचा राग आला, कुलपाचा आला, हसणाऱ्यांचा आला, आणि तो सगळा राग घेऊन ती सोफ्यांच्या मधून सरळ स्टेजवर गेली. वाटेत कोणाच्या तरी पायावर पाय पडला.

"सलोनी, पुठ्ठा विसर. टेकवू नकोस, पाड बोट. काल पेपर उशिरा दिलास म्हणून मी ओरडले तेव्हा तुला कसा राग आला होता?"

"आला होता."

"तसा लाव."

सलोनीने पहिला सूर असा मारला की ती स्वतःच दचकली. मग दुसरा. मग ती दातओठ खाऊन सुटली. सूर आडदांड आले, काही किंचाळले, पण सगळे आले, एकही चुकीचा नाही, आणि मागच्या बाकांवरचं हसणं आपोआप बंद झालं. चाल संपली तेव्हा सातवी ब बाकांवर उभी राहून शिट्ट्या मारत होती.

पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. मोडक्या मराठीत विचारलं, "पन पहिले का नाय वाजला?"

दीपिकाने खांद्यावरच्या पिशवीतून सलोनीचा पुठ्ठा काढून त्यांच्या हातात दिला. "कारण ही यावर शिकलीय. अख्खा वर्ग यावर शिकलाय."

पाहुण्या बाई पुठ्ठ्याकडे बघतच राहिल्या. काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. पुठ्ठा उलटून मागे छापलेलं साडीच्या दुकानाचं नाव वाचलं. "सो स्वीट," त्या म्हणाल्या. "हे मी घरी नेऊ? फ्रेम करून लावेन."

जयवंतरावांचा चेहरा उजळला. माइक हातात होताच. "अवश्य, अवश्य! कमी साधनांतून आमची मुलं कशी शिकतात याचं हे प्रतीक, आमच्या संस्थेतर्फे आपल्याला स्नेहभेट!" फोटोग्राफर पुढे सरसावला. मोठ्या बाईंनी साडीचा पदर सारखा केला. अध्यक्ष, पाहुणी आणि मध्ये पुठ्ठा अशी रचना झालीसुद्धा.

सात महिने चादरीखाली पियानो, सात महिने पोरं पुठ्ठ्यावर, आणि आता तो पुठ्ठा परदेशात भिंतीवर लागणार, खाली संस्थेचं नाव. दीपिकाची बोटं या वेळी कुठेच चालली नाहीत. तिने हात पुढे केला आणि फोटोच्या मधोमध असलेला पुठ्ठा शांतपणे काढून घेतला.

"नाही देणार."

"अहो गमरे बाई," जयवंतराव माइक दूर धरून दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर काय हे?"

"पुठ्ठा दिला तर उद्या सलोनी कशावर वाजवणार? पियानोची चावी द्या, पुठ्ठा घेऊन जा."

"कुठली चावी?" पाहुण्या बाईंनी विचारलं. त्या एकाकडून दुसऱ्याकडे बघू लागल्या. "मावशीने तर चावी पियानोसोबतच द्यायला सांगितली होती. मुलांसाठी. तो लॉक असतो?"

जयवंतराव प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघत होते. मोठ्या बाई काहीतरी पुटपुटल्या, त्यात 'सुरक्षेच्या दृष्टीने' एवढंच ऐकू आलं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. मागून सातवी ब बाकांवरून उतरून एकेक पाऊल पुढे सरकू लागली.

जयवंतरावांनी शेवटी झाकणाला लटकलेली चावी काढली आणि हसायचा प्रयत्न करत दीपिकाच्या तळहातावर ठेवली. तिने पुठ्ठा पाहुण्या बाईंना दिला. फोटो निघाला. फोटोत जयवंतरावांचं तोंड अर्धवट उघडं आहे.

दुसऱ्या दिवशी पाचव्या तासाला सातवी ब रांगेने हॉलमध्ये उतरली. प्रत्येकाने एकच सूर वाजवायचा, जिन्याखालचा भाडेकरू, आणि वाजवण्याआधी मनात ऐकायचा, असं दीपिकाने सांगितलं होतं. मनात ऐकला की नाही देव जाणे. एकामागून एक पोरं येत होती आणि इतक्या महिन्यांचा हिशेब चुकता केल्यासारखी बोट आपटून जात होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. फ्लॉवरपॉटमधली फुलं हलत होती.

तिसऱ्या-चौथ्या पोरानंतर शिपाई मनूकाका दारात आले. कानात बोट घालून म्हणाले, "बाई, मोठ्या बाई सांगतायत, जरा हळू वाजवा. वर वर्ग चालू आहेत."

"त्यांना सांगा," दीपिका पुढच्या मुलाला स्टुलावर बसवत म्हणाली, "हळू वाजवायचं पुढच्या वर्षी शिकवणार आहे."